बावीस टक्के, पण कशाचे?



परवा तालुक्याच्या गावी कृषी प्रदर्शन होतं. ट्रॅक्टर, ठिबक, औषधं सगळं बघून झालं आणि शेवटी चाऱ्याच्या मांडवात शिरलो. एका स्टॉलवर मोठा फ्लेक्स होता, "प्रोटीन २२ टक्के! पेंड बंद, दूध चालू!" खाली टबात हिरवागार कोवळा पाला, शेजारी बियाण्याच्या पुड्या, आणि बिल्ला लावलेलं एक चुणचुणीत पोरगं. मी त्याला विचारलं, "हे बावीस टक्के कशाचे?"

"सर, चाऱ्याचे."

"ओल्या चाऱ्याचे का वाळलेल्या?"

"सर, लॅबचा रिपोर्ट आहे आपल्याकडे."

"असेल की. पण नमुना कसला होता? नुसती पानं, का काडीसकट? किती दिवसांचा?"

"सर, तुम्ही एकदा लावून तर बघा."

तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "दादा, घ्यायचं नसंल तर सरका ना बाजूला." त्याने चार पुड्या घेतल्या. मी सरकलो. पोराचा राग नाही, त्याला जेवढं शिकवून पाठवलं तेवढं तो बोलला. पण जे तिथं बोलायचं राहिलं ते इथं बोलतो, कारण हा आकडा मला एकदा फार महागात पडलाय.

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी मला द्विदल चाऱ्याचा वैरी म्हणायला नको. माझ्या सहा गायी आहेत, आणि आज रानात चवळी आहे, अर्धा एकर दशरथ घास आहे, विहिरीजवळ लसूण घासाचे चार वाफे आहेत, बांधावर सुबाबूळ आणि शेवरी आहे. द्विदल चारा पाहिजेच. भांडण आहे ते त्या फ्लेक्सवरच्या आकड्याशी आणि "पेंड बंद" या दोन शब्दांशी.

आता हिशेब बघा. बावीस टक्के म्हटल्यावर त्या चार पुड्यावाल्याच्या डोक्यात काय आलं असेल? दहा किलो चारा घातला की दोन किलो दोनशे ग्रॅम प्रथिन. आणि पेंडेच्या पोत्यावरही वीस-बावीसच लिहिलेलं असतं, मग किलोला किलो बरोबरी झाली. चूक इथंच होते. रिपोर्टमधला आकडा पाणी काढून टाकलेल्या चाऱ्याचा असतो, सुक्या भागाचा. कोवळ्या चवळीच्या १०० किलोत ८५ किलोच्या आसपास पाणीच असतं. सुबाबळीचा पाला जरा दाट, त्यात ७० किलो धरा. सरासरी ८० धरलं तर दहा किलो हिरव्या चाऱ्यात सुका भाग दोन किलो, आणि त्याचे बावीस टक्के म्हणजे ४४० ग्रॅम. सरकी पेंड मात्र आधीच सुकी असते, तिच्यात पाणी दहाएक टक्के. म्हणजे दहा किलो चांगला हिरवा द्विदल चारा म्हणजे ढोबळ मानाने दोन किलो सरकी पेंड.

हे काही कमी नाही हो! दहा किलो पाला रानात फुकटासारखा उगवतो आणि दोन किलो पेंडेचं काम करतो, एवढं खरं सांगितलं तरी माल खपेल. पण खरं सांगितलं की फ्लेक्स छोटा होतो.

अझोल्याचंही असंच झालं होतं. पंचवीस टक्के प्रोटीन म्हणून गावोगाव प्लास्टिकचे खड्डे झाले. दोन किलो ओल्या अझोल्यात सुका भाग शे-सव्वाशे ग्रॅम, आणि त्यात प्रथिन पंचवीस-तीस ग्रॅम. लिटरभर दुधाला गायीला ८० ते ९० ग्रॅम प्रथिन लागतं. करा भागाकार. आमच्या गावातल्या त्या खड्ड्यांत आता पोरं बेडूक धरतात.

ज्याला लॅबचा भरवसा नाही त्याने घरी करावं. किलोभर चारा कापून कुट्टी करा, पत्र्यावर पातळ पसरून कडक उन्हात वाळवा, रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं की उरलं ते सुकं. त्यातही दहाएक टक्के ओल राहते, पण आपल्याला कुठं पेपर लिहायचाय. माझी ५० दिवसांची चवळी किलोला १६० ग्रॅम भरली होती. घरच्यांनी किचनमधला काटा परत मागितला तोवर माझे सगळे चारे मोजून झाले होते.

आता दुसरी गोष्ट. ती त्याहून वाईट आहे.

लॅबमध्ये प्रथिन मोजतच नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. प्रथिनात सरासरी १६ टक्के नत्र असतं, म्हणून हा गुणाकार. ही रीत योहान केल्डाल नावाच्या डेन्मार्कच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली बसवली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, बिअरसाठी लागणाऱ्या धान्याचं प्रथिन मोजायला. रीत चांगली आहे, स्वस्त आहे, जगभर तीच चालते. म्हणून तर रिपोर्टवर "क्रूड प्रोटीन" लिहितात. पण नत्र कुठून आलं हे ती विचारत नाही. युरियात ४६ टक्के नत्र आहे. गुणा ६.२५ ने. युरियात २८७ टक्के प्रथिन निघालं! फ्लेक्सवाल्याला सांगू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तोही स्टॉल लागेल. (आणि कृपा करून कोणी गायीला युरिया चारू नका, गाय मरते.)

सुबाबळीच्या पानात मायमोसिन नावाचं एक द्रव्य असतं. त्याच्यातही नत्र आहे. पानाच्या सुक्या भागात मायमोसिन ४ टक्के असेल, तर रिपोर्टमधल्या "प्रथिना"तले साडेतीन टक्के त्या मायमोसिनचेच. म्हणजे जे जनावराला बाधतं तेच आकडा फुगवतं. हे मला २०१९ साली माहीत नव्हतं.

२०१९ चा उन्हाळा आमच्या नगर जिल्ह्यातल्या लोकांना सांगायला नको. छावण्या लागल्या होत्या. कडबा मिळत नव्हता, मिळाला तर भाव ऐकून माणूस माघारी यायचा. तेव्हा माझ्याकडे चारच गायी. माझ्या बांधावर वडिलांनी लावलेल्या सुबाबळीच्या दोन ओळी होत्या, खोलवर मुळं गेलेल्या, एप्रिलमध्येही हिरव्या. एका माहितीपत्रकात वाचलं होतं, सुबाबूळ पाला, प्रोटीन २४ टक्के, जनावरं आवडीने खातात. आवडीने खातात हे खरंच आहे. मी रोज दोन भारे तोडून आणायचो आणि चौघींपुढे टाकायचो. सोबत थोडं उसाचं वाढं, तेही मिळालं तर. मला वाटायचं, गाव पेंडेला रडतंय आणि आपल्या गायी २४ टक्क्यांवर आहेत.

शेजारचे नाना दोनदा म्हणाले, "अरे, एकच पाला रोज घालू नये जनावराला." नानांचा पूर्वी पानमळा होता. वेल चढवायला शेवरी, हादगा, पांगारा लावायचे, आणि त्यांचा पाला शेरडांना असायचा, पण चाखण्यापुरता. आज शेवरी तर उद्या पांगारा, कधी बोराटीचा. मी म्हणालो, "नाना, आता प्रोटीन बघून घालायचं असतं." हे वाक्य मला अजून आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते.

महिना-सव्वा महिना झाला. सोनीच्या शेपटीचा गोंडा झडायला लागला. आधी मला वाटलं खरूज, उवा काहीतरी. मग तोंडातून लाळ, चारा पुढे असून नुसती उभी. दुसऱ्या एकीच्या पाठीचे केस हाताने ओढले तरी निघायचे. सोनी गाभण होती, आठवा महिना. वेळेच्या बारा-पंधरा दिवस आधी व्याली. कालवड झाली, पण गळ्याखाली लिंबाएवढी गाठ, अंगात जीव नाही, आचळ धरेना. बाटलीने चीक पाजला. तिसऱ्या दिवशी गेली.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी गायीकडे बघायच्या आधी शेपटीकडे बघितलं आणि विचारलं, "सुबाबूळ किती घालताय?" मी म्हणालो, "तेच घालतोय." ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. मग समजावून सांगितलं. मायमोसिनने केसांची वाढ थांबते. पोटात त्याचं मोडून दुसरं द्रव्य होतं, त्याला डीएचपी म्हणतात, ते गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं काम अडवतं. ग्रंथी सुजते. गाभण गाय असेल तर पोटातल्या वासरालाही लागतं. "एकूण चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्याच्या वर सुबाबूळ जाऊ द्यायची नाही, आणि सवय हळूहळू लावायची," एवढं सांगून गेले.

त्या माहितीपत्रकात २४ टक्के ठळक अक्षरात होतं. तिसरा हिस्सा कुठंच नव्हता. कोणी छापलं होतं त्याचं नाव घेत नाही, कारण चूक माझीही आहे. नाना सांगत होते ना!

त्यानंतर गावात उलटी लाट आली. "सुबाबूळ विष आहे, याची कालवड गेली" म्हणून दोघांनी बांधावरची झाडं तोडून सरपण केलं. मला विचारलं असतं तर मी अडवलं असतं. विष म्हणणारे आणि २४ टक्के म्हणणारे यांच्यात मला फार फरक दिसत नाही. दोघांनाही एका शब्दात निकाल पाहिजे. किती, केव्हा, कशाबरोबर, हे विचारायचा दोघांनाही कंटाळा.

सुबाबळीची एक गंमत सांगतो. ऑस्ट्रेलियात गुरं सुबाबळीवर चरायला सोडली की त्यांना हाच त्रास व्हायचा, आणि हवाई बेटांवर मात्र बकऱ्या ढिगाने सुबाबूळ खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स नावाच्या तिथल्या शास्त्रज्ञाला वाटलं, फरक झाडात नाही, पोटात असणार. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या बकऱ्यांच्या कोटीपोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियात आणून गुरांना दिले, आणि त्या गुरांना सुबाबूळ सोसायला लागली. ते जीवाणू डीएचपी मोडून टाकतात. १९९२ साली त्या जीवाणूला जोन्सचंच नाव दिलं, सिनर्जिस्टिस जोन्सी. आता बघा, झाड तेच, लॅबचा टक्का तोच, पण एका ठिकाणी औषध आणि एका ठिकाणी बाधा. चाऱ्याची किंमत चाऱ्यात अर्धीच असते, बाकीची गायीच्या पोटात ठरते. हे फ्लेक्सवर कसं लिहिणार?

पोटाचीच गोष्ट पुढे न्यायला पाहिजे, कारण द्विदल चाऱ्याचा खरा गुण तिथंच आहे आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

गाय चारा खाते, पण तो आधी पचवतात तिच्या कोटीपोटातले जीवाणू. कडब्यातला तंतू गायीला स्वतःला मोडता येत नाही, ते काम जीवाणूंचं. आणि त्या जीवाणूंना वाढायला नत्र लागतं. एकूण चाऱ्याच्या सुक्या भागात प्रथिन सात-आठ टक्क्यांच्या खाली गेलं की ते उपाशी पडतात. ज्वारीच्या कडब्यात प्रथिन तीन-चार टक्के, गव्हाच्या काडात त्याच्याही खाली, उसाच्या वाढ्यात पाच-सहा. म्हणजे नुसत्या कडब्यावर किंवा वाढ्यावर असलेली गाय पोट भरून उपाशी असते. जीवाणू मंदावले की कडबा पोटात पडून राहतो, पोट रिकामं होत नाही, मग गाय आणखी खात नाही. आपण म्हणतो, गाय चारा सांडते, माजलीय.

अशा गायीला पाच-सात किलो चवळी किंवा घास द्या. त्याच कडब्याचं पचन सुधारतं आणि ती तोच कडबा जास्त खाते. मी हे गव्हाणीत बघितलंय. चवळी सुरू करायच्या आधी दहा दिवस आणि नंतर पंधरा दिवस, रोज सकाळी गव्हाणीत उरलेला कडबा गोळा करून तोलला. आधी गायीमागे दीड किलोच्या आसपास उरायचा, नंतर अर्धा किलो. शेणही बदललं. आधी कडक, थरथर पडणारं, त्यात कडब्याच्या लांब काड्या जशाच्या तशा. नंतर मऊ आणि काड्या बारीक. शेण बोटाने चाळून बघायला लाज वाटू देऊ नका, तो फुकटचा लॅब रिपोर्ट आहे आणि त्यात कोणी खोटं लिहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की द्विदल चाऱ्याची किंमत त्याच्या टक्क्यावर ठरवू नये, त्याने बाकीच्या चाऱ्याचं काय केलं यावर ठरवावी. ज्याच्याकडे कडब्याची गंज आहे त्याला पाच किलो चवळीचं मोल वेगळं. ज्याच्या गायी आधीच पोटभर घासावर आहेत त्याने आणखी घास घातला तर जास्तीचं नत्र लघवीवाटे जाईल, आणि ते बाहेर टाकायला गायीची ताकद खर्च होईल ती वेगळीच. वर कोवळा ओला घास उपाशी पोटी भरपूर खाल्ला की पोटफुगी आहेच. दरवर्षी पावसाळ्यात एखाद्या गोठ्यातून रात्री फोन येतो, गायीची डावी कूस फुगलीय म्हणून. घास सकाळी कापून दोन-चार तास सुकू द्यायचा, आधी कडबा घालायचा आणि मग घास. हे आपल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं.

पोटफुगीवरून टॅनिनचं आठवलं. दशरथ घास, शेवरी, सुबाबूळ यांत टॅनिन असतं. तोंड तुरट करणारं, सुपारीतलं असतं तसलं. थोडं असेल तर उपकारच करतं, प्रथिनाला धरून ठेवतं, कोटीपोटात फेस होऊ देत नाही, आणि प्रथिन पुढे आतड्यात जाऊन सुटतं. म्हणून या पाल्यांनी पोट फुगत नाही. पण जास्त असेल, सुक्या भागात पाच-सहा टक्क्यांच्या वर, तर प्रथिनाला इतकं घट्ट धरतं की ते आतड्यातही सुटत नाही, सरळ शेणात. लॅब मात्र ते पूर्ण मोजते. तिला काय, नत्र दिसलं की गुणलं ६.२५ ने!

आणि गिरिपुष्प. कोकणात त्याला उंदीरमारी म्हणतात, यावरूनच समजा की झाड काय आहे. रवंथ करणाऱ्या जनावराला ते चालतं, पाला चांगला आहे, पण वास उग्र. गाय पहिल्यांदा तोंडच लावत नाही. एक-दोन दिवस सुकवून, कुट्टीत मिसळून, मुठी-मुठीने सवय लावावी लागते. टक्का वीसच्या वर आहे म्हणून लावलं आणि गाय खाईना म्हणून उपटलं, असे दोघे मला माहीत आहेत. जो चारा गाय खात नाही त्याचा टक्का शून्य.

आता कापणीचं. माझ्या मते अर्धी बेइमानी इथं होते, आणि इथं दुकानदारापेक्षा आपणच जास्त दोषी आहोत.

पानात काडीच्या दुपटीहून जास्त प्रथिन असतं. लॅबला नमुना शेंड्याच्या कोवळ्या पानांचा जातो. आपण कापतो काय? दशरथ घास कमरेच्या वर गेला, खाली बोटाएवढी काडी झाली, तरी "अजून वाढू दे, वजन भरू दे." मग कुट्टीत घालतो आणि बावीस टक्के घातले म्हणून छाती फुगवतो. त्या कुट्टीत निम्मं लाकूड असतं. स्टायलो माळरानाला आणि बांधाला फार चांगली, पावसावर येते, हलक्या जमिनीत टिकते. पण फुलायच्या आधी पंधराएक टक्के असलेलं प्रथिन बी धरून काडी वाळेपर्यंत निम्म्यावर येतं. चवळी निम्मी फुलावर आली, शेंगा नुकत्या धरायला लागल्या, की कापायची, पन्नास-साठ दिवसांत. लसूण घास दहात एका झाडाला फूल दिसलं की. रोज डोळ्यात भरतं ते वजन, आणि वजनाच्या मागे लागून आपण पान घालवतो. घास वाळवताना तर पान आधी चुरा होऊन मातीत जातं आणि आपण पेंढी बांधतो ती काड्यांची. सकाळी दव असताना उलटा, दुपारी हात लावू नका.

नेपियरवाल्यांना यातून सोडत नाही. शेतात उभं राहायचं, गवत डोक्याच्या चार हात वर, आणि फोटो टाकायचा. "बारा फूट!" त्या बारा फुटांत प्रथिन पाच-सहा टक्के उरलेलं असतं. तेच गवत ४५ दिवसांत कापलं असतं तर आठ-दहा टक्के मिळालं असतं. वर नेपियर आणि वाढं दोन्हींत ऑक्सलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. द्विदल चाऱ्यात कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून या दोघांची जोडी जमते. बारा फुटी नेपियरच्या फोटोत द्विदलाचं एक पान दिसत नाही, आणि मग व्यालेली गाय बसली की सलाईन लावायला धावाधाव. द्विदलात फॉस्फरस कमी असतं म्हणून खनिज मिश्रण तरीही लागतं, ते बंद करू नका. "पेंड बंद"वाले उद्या "मिनरल मिक्श्चर बंद" म्हणतील.

पेंड बंद होते का, याचं उत्तर द्यायचं राहिलं. माझा हिशेब असा. बारा लिटरची गाय. दुधाला हजारेक ग्रॅम प्रथिन आणि तिच्या स्वतःच्या अंगाला साडेतीनशेच्या आसपास, एकूण साडेतेराशे. चार किलो कडबा आणि चौदा किलो हिरवी मका यांतून साडेतीनशे येतात. आठ किलो चवळी आणखी दोनशे देते. राहिले आठशे, ते पेंडेतूनच यायचे, चार किलो गोळी पेंड. चवळी नसती तर पाच किलो लागली असती. म्हणजे आठ किलो चवळीने पेंड बंद झाली नाही, एक किलोने कमी झाली. माझ्याकडे किलोला ३० ते ३५ रुपये पडतात, सहा गायींचे दिवसाला जवळपास २०० रुपये वाचले. कडबा जास्त खाल्ला जातो तो फायदा वेगळा. दुधाला डेअरी किती देते हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात दिवसाचे २०० रुपये म्हणजे धंदा राहतो का मोडतो यातला फरक. मला हे २०० रुपये पुरतात. ज्याने फ्लेक्स वाचून पेंड खरंच बंद केली त्याची गाय पंधरा दिवसांत बारावरून आठवर येते, मग तो चिडून चवळी नांगरून टाकतो आणि पुन्हा वाढ्यावर येतो. तो परत द्विदलाकडे वळत नाही. फुगवलेल्या आकड्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो याच्यासाठी.

एक राग बियाण्याच्या दुकानांवरही आहे. मे महिन्यात जाऊन चाऱ्याच्या चवळीचं बियाणं मागा. "मका घेऊन जा, चवळीला कोण विचारतं" हे उत्तर तयार. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने चाऱ्यासाठी चवळीचा श्वेता आणि लसूण घासाचा आरएल ८८ हे वाण दिलेत, नाव घेऊन मागितलं तर दुकानदार आपल्याकडे असा बघतो की मीच परीक्षा घ्यायला आलोय. आणि बाहेरच्या देशाचं नाव असलेली पुडी मात्र काउंटरवर समोरच. मी आता दरवर्षी चवळीचा एक कोपरा बियाण्याला सोडतो. शेंगा आईच तोडते, एकेक वाळेल तशी. गेल्या हंगामात तिने डब्यात राख घालून अकरा किलो ठेवलंय.

या आठवड्यात पाणी दिलं की मका आणि चवळी पेरतोय, दोन ओळी मका, एक ओळ चवळी. ज्यांना यायचंय त्यांनी पन्नास दिवसांनी या, कापून काट्यावर घालू, वाळवून परत घालू. सोनी अजून आहे, पाचव्या वेताला. सुबाबूळ अजूनही खाते, आठवड्यातून तीन दिवस, एका वेळी एक पेंढी, कडब्याच्या कुट्टीत मिसळून. शेपटीचा गोंडा परत आला, पण पहिल्यापेक्षा विरळच. माश्या वारताना बघितलं की कळतं.